लाल कोंबडीचा दाणा

माझ्या सासूबाई, सुलोचनाबाई, तळेगावला आमच्या किराणा दुकानाच्या गच्चीवर रोज सकाळी ज्वारी टाकत. पाखरांनी दाणा टिपल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. माझा नवरा नीलेश वर्षाचा असताना टायफॉइडनं जाता जाता वाचला, तेव्हा बोललेला हा नेम. पस्तीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

२००३ च्या जानेवारीत नीलेशनं हट्टानं आम्हाला धरणाकाठच्या कॉटेजवर दोन दिवस नेलं. "तिथं त पाखरंच पाखरं," म्हणत सासूबाईंनी पिशवीत आधी ज्वारी भरली. पोचल्या पोचल्या नवरोबानं चौकीदार कवडूच्या अंगणातली लाल कोंबडी हेरली, दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी कापायला सांगून टाकली आणि मला दटावलं, "आईले बोलू नको." घरी आम्ही कांदासुद्धा चतुर्थी बघून खातो!

सकाळी पाण्यावर बदकं, बगळे, करकोचे, नुसती जत्रा. पण ज्वारीकडे एकही फिरकेना. सासूबाई दोन पावलं पुढं गेल्या की थवा भुर्र. नऊ वाजले, दहा वाजले. त्यांना शुगर, आणि पोटात चहाचा घोटही नाही. त्यात नीलेश नावेतून पार पलीकडं गेलेला. सासूबाई काठानं नुसत्या येरझारा घालत होत्या, बसायला तयार नाहीत. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता.

"आई, एक दिवस नाई टाकला त काय होते?"

"पोरगा पान्यात हाये अन् तू मले असं म्हनते?"

कवडूची बायको सीताबाई केव्हाची बघत होती. ती म्हणाली, "बाई, कोंबडी पाखरू नाई का? तिलेबी पंख हायेत."

अंड्याच्या गाडीजवळून नाकाला पदर लावून जाणाऱ्या सासूबाई सीताबाईच्या अंगणात जाऊन बसल्या. सगळ्यात आधी लाल कोंबडीच आली. तिनं थेट तळहातावरचे दाणे टिपले. सासूबाईंनी चहा घेतला आणि मला रडूच आलं.

नाव काठाला लागली तसा नीलेश हळूच कवडूकडे गेला. कवडू डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, दुसरं काईबी सांगा. ते बाईच्या हातचं खाऊन राह्यली. माह्यानं नाई होत."

नीलेश जेवायला बसला. सासूबाईंनी त्याच्या ताटात वांग्याची भाजी वाढली.

"बाहेर तू काय खातो, मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "त्या कोंबडीले तेवढं सोड. तुह्या नावाचा दाना तिच्या पोटात हाये."