खायची कवा?

"खायची कवा?"

शहागंजच्या बाजारात टोपलीपुढं उकिडवं बसलं, की सीताफळवाली मावशी मान वर न करता पहिल्यांदा हेच विचारायची. भाव नंतर. फुलंब्रीकडून पहिल्या एसटीनं यायची. 'आज' म्हणालात तर मऊ फळं, 'परवा' म्हणालात तर डोळे नुकते उघडलेली कडक. 'बघू' म्हणणाऱ्याला काहीच नाही. "आधी बघा, मग या."

लहानपणी आई मला परवाची आणायला पाठवायची. मी आजची मागायचो आणि घरी पोचेपर्यंत दोन संपवायचो.

"तुझ्या आईचा परवा लई लवकर येतो रे," मावशी एवढंच म्हणायची.

यंदा दिवाळीनंतर दोन दिवसांसाठी पुण्याहून आईकडे गेलो. पहिला दिवस शहराला नावं ठेवण्यात घालवला. ओळखीचं दुकान नाही, ओट्यांवर कोणी बसत नाही, रिक्षावाला मलाच विचारतो, "अंकल, नए हो क्या?" पोट सुटलेल्या माणसाला शहर बदललेलं फार खुपतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. आई ऐकत होती. निघणार कधी, एवढं मात्र तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहागंजात गेलो. मावशी वाळली होती, पण होती. टोपली निम्मी रिकामी. मी लगेच रडगाणं लावलं, "मावशी, जुनं शहर राहिलं नाही."

"व्हय का? मी तर रोज येती. खायची कवा?"

"आजच. दुपारी निघतोय."

तिचा हात फळावर थांबला. "तुझी आई परवा आल्ती. कडक फळं नेली, एकेक दाबून. चार-पाच दिसानं पिकतील अशीच दे म्हनली, पोरगं येतंय."

मी पिशवी पुढं केली.

"तुला देत नाय," ती म्हणाली. "घरी हायेत."

घरी येऊन तांदळाच्या डब्यात हात घातला. सहा सीताफळं, दगडासारखी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कच्ची आहेत अजून," ती म्हणाली. चोरी जणू तिचीच पकडली गेली होती.

"मग पिकू देत."

रजा वाढवली. साहेबांना सांगितलं, घरी महत्त्वाचं काम आहे. रोज सकाळी आम्ही दोघं डबा उघडून ते काम कुठवर आलं ते बघत होतो. सहापैकी चार मी खाल्ली.

निघायच्या दिवशी मावशीला सांगायला गेलो, तर तिचा हंगाम संपला होता. तिच्या जागी एकानं पेरू मांडले होते. आईसाठी किलोभर घेतले. त्यानं मुकाट्यानं तोलून पिशवीत घातले.

खायचे कधी, ते त्यानं विचारलं नाही. मी उगाच थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.