चारशेवाल्या मावशी

मावशींसमोर कुठलंही विधान जपूनच करावं लागे. "करोल बागेतले दुकानदार लबाड," असं कुणी म्हटलं की त्यांचा प्रश्न तयार: "किती दुकानं फिरलास?" दोन म्हटलं की त्या इतक्या मोकळेपणाने हसत, की सांगणाराही हसू लागे.

नव्वदीच्या दशकात गुडगावात रोज नवी इमारत उभी राहत होती आणि खाऊचं रोज नवं पाकीट बाजारात येत होतं. लोक ती घेतील का, याची घरोघरी पाहणी आमची कंपनी करायची. मी पुण्याहून आलेला नवखा. मावशी तिथल्या संख्याशास्त्रज्ञ, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून डबाभर तिखट चिवडा आणणाऱ्या. एका फरसाणवाल्या साहेबांनी तो चाखला आणि कारखान्यात काढायचा म्हणाले. त्यांच्या आचाऱ्याचा गोड चिवडाही शर्यतीत होता, आणि पाहणी पडली मावशींच्याच गळ्यात!

"निम्म्या घरांना माझा, निम्म्यांना गोड. विकत घ्याल का, एवढंच विचारायचं," त्यांनी आम्हाला सांगितलं. मग साहेबांकडे वळल्या. "कितना फ़र्क दिखे तो मानेंगे?"

"सौ में दस का."

मावशींनी सॉफ्टवेअरमध्ये दहाच्या फरकाचे पन्नास आणि साठ टक्के टाकले. उत्तर आलं: प्रत्येक चिवड्याला जवळजवळ चारशे घरं. साहेब ओरडलेच, "इतने सारे?"

"छोटी चीज़ ढूँढनी हो तो बत्ती बड़ी चाहिए, साहब." त्या दिवसापासून त्या चारशेवाल्या मावशी झाल्या.

पहिल्या थोड्या घरांतच तिखट चिवडा पुढे गेला. आम्ही नाचायचेच बाकी होतो. मी तर पेढे घेऊन आलो. साहेब म्हणाले, "बस, हो गया, बंद करो." मावशींना ते पाकीट किती हवं होतं! त्याला द्यायला त्यांनी आपल्या आईचं नाव ठरवून ठेवलं होतं. तरी त्यांनी पेढा खोक्यात परत ठेवला.

"चारशे ठरलेत ना? मग चारशे. अरे यार, पुढे असताना थांबलं तर कुणीही जिंकेल."

चारशे झाली, आणि गोड चिवडा जिंकला. निसटता नाही, चांगला दणदणीत. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. मावशींनी गोड चिवड्याचा बकाणा भरला, तोंड वाकडं केलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"शी! बिल्कुल भिकार आहे रे! दिल्लीची जीभ बिघडलीय, आपलं गणित नाही!"

ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. पण अहवालावर सही त्यांनी झोकात केली.

त्यांच्या आईच्या नावाचं पाकीट कधी निघालं नाही. आता मावशीही नाहीत. जिंकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. इतक्या थाटात हरलेलं माणूस मात्र पुन्हा भेटलं नाही.