अट्रॅक्टा मजेत होती

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५. चर्चमध्ये आठच्या मिस्साला गेले. कोळसेवाला दोन पोती टाकून गेला, एक ओलं निघालं. सकाळी साडेनऊला हेशनच्या बेकरीतल्या मागच्या जिन्यावरून अट्रॅक्टा टॅन्सी पडली. तिला स्लायगोच्या इस्पितळात नेलं. रात्री उकडलेलं अंडं आणि टोस्ट.

त्या दिवशी रोजनिशीत मी एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तिच्या कमरेचं हाड मोडलंय.

अट्रॅक्टा माझ्या शेजारच्या घरात राहायची. आमच्या दोघींच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. ती डोंगरावरच्या शेतातली, आठ भावंडांत सहावी. सोळाव्या वर्षी बेकरीत लागली आणि साठाव्या वर्षी पडेपर्यंत पहाटे चारला उठत राहिली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "चारला उठणारी बायको कोणाला हवी गं? आणि चारपर्यंत जागणारा नवरा मला नको." आईचं सगळं तिनेच केलं, शेवटची नऊ वर्षं. माझे यजमान गेल्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी ती घरी भाजलेला सोडा ब्रेड फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणायची. अर्धा तिला, अर्धा मला.

इस्पितळातून आल्यावरही तिने ते थांबवलं नाही. आधी कुबड्या, मग काठी. तिचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर. जिना ती पाठमोरी उतरायची, कठड्याला दोन्ही हात धरून, एकेक पायरी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसायचं. सुतारकाम करणाऱ्या मॅलकी फीलीने खाली न्हाणीघर बांधायचे सहा हजार आठशे पौंड सांगितले. तिच्याकडे त्यातले हजारही नव्हते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा जिन्यावरून पडलीस तर घरी राहणं संपलं. मग कौंटीचा वृद्धाश्रम. तो अजून दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळातल्या जुन्या गरीबखान्याच्या इमारतीतच आहे, आणि अट्रॅक्टाची आजी तिथेच मेली होती.

"त्या दारातून मी आडवीसुद्धा जाणार नाही," ती म्हणाली.

म्हणून तिने दावा लावला. स्वतः हेशनच तिला म्हणाला, "लाव की, अट्रॅक्टा. पैसे माझ्या खिशातून थोडेच जाणारेत? विमावाल्यांचे आहेत." वर तिला फळांचा केक दिला. पण गावाला केक दिसला नाही, दावा दिसला. पोस्टाच्या रांगेत कोणीतरी म्हणालंच, "पायरी लाभली म्हणायची तुला!" अट्रॅक्टा वळून म्हणाली, "तुला पण लाभेल. चल, दाखवते कुठून उडी मारायची." सगळे हसले. घरी आल्यावर तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

वकील स्कॅनलन तरुण होता, पण समजावून सांगायचा. एका शनिवारी त्याने आम्हा दोघींना त्याच्या कचेरीत बसवून नुकसानभरपाईचा हिशेब सांगितला. औषधं, टॅक्सी, बुडालेला पगार, ज्याची ज्याची पावती आहे त्याला विशेष नुकसान म्हणतात. दुखण्याची पावती नसते. ते साधारण नुकसान. आजवर झालेलं दुखणं एक, पुढे होणारं दुखणं दुसरं.

"म्हणजे डब्याची किंमत ठरलेली आणि आतल्या बिस्किटांची अंदाजाने," अट्रॅक्टा म्हणाली.

"तसंच. आणि अंदाज न्यायाधीश करतात. ते तुमच्याकडे बघतील, डॉक्टरांचे कागद बघतील. म्हणून दुखतंय ते दुखतंय असं सांगायचं. लाजायचं नाही."

अट्रॅक्टाने मान डोलावली. पुढच्या महिन्यात विमा कंपनीच्या डॉक्टरांनी तिला डब्लिनला बोलावलं. मी बरोबर गेले. साडेतीन तास आगगाडीत ती कुशी बदलत होती. डॉक्टर दार उघडून म्हणाले, "या, या. कशा आहात?"

"मजेत, डॉक्टर. देवाची कृपा."

आमच्याकडे दुसरं कोण काय म्हणतं? त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या अहवालाची पहिली ओळच ती होती. स्कॅनलनने कपाळाला हात लावला. पण म्हणाला, काळजी नको, आपल्याकडे मिसेस कॉनबॉय आहेत.

मिसेस कॉनबॉय म्हणजे मी. पायरी तीन आठवडे तुटलेली होती आणि हेशनला ते माहीत होतं, हे सिद्ध करायला माझी रोजनिशी होती. २४ ऑक्टोबर, मंगळवार: "हॅलोविनचा केक आणायला बेकरीत मागच्या दाराने गेले. पाचवी पायरी कडेला तुटलेली. मि. हेशनना सांगितलं. बघतो म्हणाले." शाळेत सिस्टर बेनिग्नस यांनी आम्हाला चौदाव्या वर्षी रोजनिशी लिहायला लावली होती. हवा, मिस्सा, पाहुणे, खर्च. रडगाणं नको, आणि दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्याची वाच्यता तर नकोच नको. दुखलं तर ते मुकाट्याने देवाला वाहायचं. पंचावन्न वर्षं मी एक दिवस चुकवलेला नाही, आणि तो नियमही मोडलेला नाही.

गुरुवार, ५ मार्च १९९८. कोर्ट साडेदहाला. सगळा बाजार खरं तर बाहेरच्या बोळात भरतो. दोन्हीकडचे बॅरिस्टर भिंतीला टेकून कुजबुजतात आणि मग येऊन आकडा सांगतात. स्कॅनलन आला.

"पंधरा हजार म्हणतायत."

"घेऊन टाक," अट्रॅक्टा म्हणाली. "न्हाणीघर होऊन वर कोळसा येईल."

"थांबा. मिसेस कॉनबॉय एकदा उभ्या राहिल्या की वीसच्या खाली येत नाहीत ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.

मी उभी राहिले. २४ ऑक्टोबरची नोंद वाचली. न्यायाधीशांना ती आवडली, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून मान डोलावली. हेशन तोंड पाडून बसला. मग विमावाल्यांचा बॅरिस्टर उठला. फार अदबीचा माणूस.

"मिसेस कॉनबॉय, ज्या वह्यांतून आपण साक्ष दिलीत त्या मला पाहता येतील? नंतरच्यासुद्धा?"

कायद्याने येतात. जेवणाच्या सुट्टीत त्याने त्या चाळल्या. परत आला तेव्हा पानापानांत कागदाचे कपटे घातलेले होते.

"आपण रोजनिशीत खोटं लिहिता का?"

"नाही."

"मग हे वाचाल?"

मी वाचलं. "अट्रॅक्टा ब्रेड घेऊन आली. मजेत होती."

"आणि हे?"

"अट्रॅक्टा आली. मजेत."

"पुढे?"

"अट्रॅक्टा आली, ब्रेड छान झाला होता. मजेत."

"अशा एकशे चार नोंदी आहेत, न्यायमूर्ती. सगळ्या वाचायला लावत नाही."

मी म्हणाले, "ती जिना पाठमोरी उतरते. मी रोज बघते."

"ते लिहिलंय कुठे?"

"नाही."

"बेकरीतली पायरी लिहिलीत. शेजारणीचा जिना नाही लिहिलात?"

"नाही."

"आभारी आहे."

मला म्हणता आलं असतं की मजेत हा नुसता शब्द आहे. न्यायाधीशही आमच्याच भागातले, त्यांनाही तो रोज कानावर पडत असणार. पण त्याने आधीच विचारून ठेवलं होतं, खोटं लिहिता का, आणि मी नाही म्हणून बसले होते. माझी वही खोटी म्हणायची की अट्रॅक्टा, एवढंच उरलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरले.

पायरीचा दोष हेशनचा ठरला. पावत्यांचे पैसे मिळाले. आजवरच्या आणि पुढच्या दुखण्याचे मिळून तीन हजार दोनशे. न्यायाधीश म्हणाले, वादी कष्टाळू आणि आनंदी वृत्तीची आहे, तिने दुखापतीवर चांगली मात केली आहे. स्कॅनलनच्या फीचे वजा जाता हाती जे आलं त्यात मॅलकीच्या न्हाणीघराचा पायासुद्धा झाला नसता.

टॅक्सीत तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "तुला दिसत होतं ना गं, उना?"

"हो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तू मजेत म्हणायचीस."

"म्हणणारच की! तुझ्या दारात ब्रेड घेऊन उभी, दुसरं काय म्हणू? तुला डोळे नव्हते?"

टॅक्सीवाल्याने रेडिओ लावला. तिने त्याला बंद करायला सांगितलं. उतरताना मी हात पुढे केला. तिने दार धरलं.

त्या शनिवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. मे महिन्यात ती जिन्यावरून पुन्हा पडली. मी भिंतीवरून हाका मारत होते. दार आतून लावलेलं होतं आणि मॅलकीने ते फोडेपर्यंत वीस मिनिटं गेली.

शुक्रवार, १२ जून १९९८ ला मी वृद्धाश्रमात गेले. लांबट दालन, बावीस खाटा, खिडक्या डोक्याच्या वर. तिची खाट दारापासून चौथी. केस कोणीतरी पुरुषासारखे कापले होते. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "हीच का गं तुझी लिहिणारी?"

"हीच," अट्रॅक्टा म्हणाली.

मी द्राक्षं नेली होती, ती टेबलावर ठेवली. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. क्षमा मागायची होती. पण नर्स चहाची गाडी घेऊन आली, सगळ्या बायका बघत होत्या, आणि माझ्या तोंडून सवयीने तेच निघालं.

"कशी आहेस?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. तीस वर्षांत तिने मला उनाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"मजेत, मिसेस कॉनबॉय," ती म्हणाली. "लिहून ठेवा."

संध्याकाळी वही उघडली. हवा कोरडी. आठची मिस्सा. बस येताना वीस मिनिटं उशिरा. ब्रेड संपला, उद्या दुकानातून अर्धाच आणायचा.