लाईट असेपर्यंतचं सीएसएस

ज्या क्लासात शिकण्यापेक्षा लाईटीची वाट बघणंच जास्त, तिथं किस्से साचणारच. आमचा क्लास हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरला, खताच्या दुकानाच्या माडीवर. दोन हजार सालानंतरची गोष्ट. भालेराव सर आम्हाला वेबपेज सजवायचं सीएसएस शिकवायचे, नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी. शिकणारे मी, गजानन आणि वंदना. वंदनाला वडिलांनी बजावलं होतं, "एकदाच पुण्याला जाऊन ये. न्हाई जमलं तर गुमान डी.एड. कर."

वंदना म्हणाली, "एकदाच पुरे."

*

लाईट गेली की सर फरशीवर खडूनं चौकोन काढायचे. "ही बॉर्डर, म्हंजे घराची भिंत. भिंतीच्या आतली मोकळी जागा पॅडिंग. बाहेर शेजाऱ्यापर्यंतची जागा मार्जिन."

गजानन म्हणाला, "मंग आमच्या अन् चुलत्याच्या घरामधल्या जागेचं कोर्टात चालू हाय, ते मार्जिनच म्हणा की."

"तुला आता जन्मात विसरायचं न्हाई," सर म्हणाले, आणि पुढचा चौकोन काढला.

*

गजाननचा इंटरव्ह्यू नांदेडला झाला. साहेबांनी विचारलं, स्टाईलची फाईल वेगळी काहून ठेवायची?

"एका जागी बदललं की सगळ्या पानांवर बदलते. जवळा बाजार गावात सकाळी मालाचा भाव फुटला की सगळ्या दुकानांत तोच."

"आणि एखाद्यानं स्वतःच्याच पानातल्या ओळीत वेगळी स्टाईल लिहिली तर?"

"त्याचाच भाव चालते सर. पण त्याच्या दुकानापुरता."

साहेब म्हणाले, "एकदम बराबर. आता हेच इंग्लिशमधे सांगा."

गजानन तिथलं पाणी पिऊन गावाकडं परत आला. वंदना त्या दिवसापासून आरशासमोर इंग्लिश बोलायला लागली. घरचे हसायचे, ही थांबायची नाही.

*

एकदा वंदनाचं अख्खं पान लाईटीनं खाल्लं. ती रडली नाही, चिडली. तेव्हापासून एक ओळ लिहिली की लगेच दोन बोटांनी कंट्रोल-एस, म्हंजे सेव्ह. पुढं पुढं तिला सवयच लागली. तिची आई मला विचारायची, "भाकर थापली की परातीवर दोन बोटं दाबून राहिली ही. काहून गं?"

*

पुण्याला मी आणि वंदना सोबतच गेलो. छोटं ऑफिस, एका रांगेत कॉम्प्युटरवर आम्ही सगळे उमेदवार. समोर दिलेलं पान सजवायचं. वंदनाचं ओळ, कंट्रोल-एस, ओळ, कंट्रोल-एस चालू. मागं उभे असलेले साहेब हसून म्हणाले, "अहो, दर ओळीला कशाला?"

वंदनानं परत कंट्रोल-एस दाबलं. आणि तेवढ्यात लाईट गेली.

आली तेव्हा सगळ्यांची पानं कोरी. माझंही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. वंदनाचं पान मात्र बॉर्डरसकट जागेवर. साहेबांनी ते खालीवर करून पाहिलं, तिला इंग्लिशमधे प्रश्न विचारले. तिनं अडखळत का होईना, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले. मग पत्ता लिहून घेताना त्यांनी मान वर केली. "हिंगोली जिल्हा? तिकडं लाईट फार जाते का हो?"

वंदना शांतपणे म्हणाली, "जात न्हाई सर. कधीमधी येते."