तुर्लिबेकचं उष्टं

तलास नदीकाठच्या आमच्या कझाख गावात तुर्लिबेक म्हाताऱ्याला पहिल्याच साथीत करोना झाला आणि तो त्यातून उठला. यापलीकडे आयुष्यात त्याचा काही पराक्रम नव्हता. पण तेवढ्यावर त्याने गावाला वर्षभर पिडलं.

‘माझ्या रक्ताने त्याला एकदा लोळवलंय. आता तो या अंगणात पाय ठेवायचा नाही!’

आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या ताटात उरलेला घास धाकट्यांना देतात. सार्कित म्हणतात त्याला. मोठ्याचं आयुष्य, नशीब त्यातून उतरतं म्हणे. मग करोना पचवलेल्या माणसाचं सार्कित म्हणजे विचारायलाच नको! लोक सुना-जावयांना घेऊन रांग लावायचे. शाळेचे हेडमास्तरही त्यात होते. मूर्खपणाला पदवी आडवी येत नाही.

त्याची बायको बालजान दम्याची. लस आली तेव्हा ती कोट घालून निघाली, तर हा दारात उभा.

‘अहो, माझ्या छातीचा भाता ऐकताय ना? जाऊ द्या मला.’

‘अगं म्हातारे, घरात सार्कित असताना सुई कशाला? खा हे.’

बिचारीने कोट काढला आणि खाल्लं.

दवाखान्यातली नर्स उल्मेकेन तणतणत आली. तरी वडीलधाऱ्यांना आम्ही मानाने म्हणतो ते ‘अक्साकाल’ काही तिने सोडलं नाही. ‘अक्साकाल, कानाला कापलेली खूण बघून तुम्ही आपली मेंढी ओळखता ना?’

‘डोळे मिटून!’

‘आणि कोणी कान वेगळाच कापला तर?’

‘कोणाची हिंमत आहे?’

‘या विषाणूची आहे. अंगात शिरून तो आपल्या लाखो नकला काढतो. त्यात चुका होतात. बहुतेक वाया जातात, पण एखाद्या चुकीने खूणच बदलते. मग तुमच्या रक्तातले राखणदार त्याला ओळखत नाहीत. ओळखीचे मारले जातात, हा सुटतो आणि पुढे त्याचीच पिलावळ माजते. शिवाय राखणदारही हळूहळू पेंगतात. लस त्यांना जागं करते.’

‘चुका करून कोणी शहाणा होतो का गं पोरी?’ म्हातारा खदाखदा हसला. अख्खं अंगण हसलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या नाकाला धार लागली. गवताची धूळ, म्हणाला. नातवाला पाळण्यात घालायच्या मेजवानीत शिंकत शिंकत त्याने घोड्याचं मांस हाणलं आणि उरलेलं मोठ्या मनाने वाटलं. आठवड्यात निम्मी गल्ली आडवी झाली. खूण बदललेला विषाणू होता. म्हाताऱ्याचे जुने राखणदार अगदीच झोपले नव्हते, म्हणून तो स्वतः निभावला. बालजानपाशी राखणदार नव्हतेच, नुसतं सार्कित होतं. ऑक्सिजन लावूनही ती गेली. मला म्हाताऱ्याचा इतका संताप आला की मातीला गेलो, पण त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. मी तिथेच बसलो होतो. मी तोंड फिरवलं. उल्मेकेनने त्याला लस टोचली, कापूस दिला. तो उठेना. त्याने दुसऱ्या हाताची बाही वर सरकवली.

‘झालं, अक्साकाल. आज एकच असते.’

‘माझी झाली गं,’ तो म्हणाला. ‘ही बालजानची.’