सीतादही झाल्याशिवाय

वहिनी गेल्याची बातमी मला फोननं नाही, स्टेटसनं कळली. सकाळी चहा टाकला होता, सहज मोबाइल उघडला, तर गजूनं, म्हणजे तिच्या मुलानं, तिचा फोटो लावलेला. भोवती झेंडूची फुलं, खाली लुकलुकणारी समई आणि मजकूर... 'सदैव नामस्मरणात रमलेल्या आमच्या मातोश्री'. मला आधी रडू नाही आलं, शिसारी आली. सख्ख्या आत्याला फोन करायच्या आधी या पोरानं समई शोधली होती! चहा उतू गेला, तो तसाच राहू दिला आणि यवतमाळहून राळेगावची एसटी धरली.

सिंधूवहिनी नामस्मरणात रमलेली मी कधी पाहिली नाही. दादा गेल्यावर कापूस, तूर, बैल, गडीमाणसं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर आलं. सकाळी शेणाचे हात धुतले की ती जाताजाता देवापाशी दिवा लावायची आणि 'येतो रे बाप्पा' म्हणून विळा घेऊन निघायची. झाली पूजा. गजूला याची लाज वाटायची. तो गावातल्या सत्संग मंडळाचा मोठा कार्यकर्ता; पांढरा कुडता, कपाळावर हा एवढा टिळा. आईनं मात्र बैठकीत कधी पाय ठेवला नाही.

एकदा मी माहेरी गेलेली असताना मंडळाच्या बाया तिला समजवायला घरी आल्या. वहिनी अंगणात तूर पाखडत होती. त्यांच्यातली पुढारीण नाक मुरडत म्हणाली, "सिंधूबाई, दिवसातला एक तास तरी देवाले देत जा."

वहिनीनं सूप खाली ठेवलंसुद्धा नाही. "देतो न. पन बाकीचा दिवस कोनाचा हाय वं मंग?"

बायांना वाटलं, ही थट्टा करून राहिली. वहिनी थट्टा करत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. चहा पिऊन बाया गेल्या आणि गावभर सांगत सुटल्या की गजूची माय नास्तिक आहे.

नास्तिक! कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी तिची सीतादही कधी चुकली नाही. आमच्याकडची ही जुनी रीत. शेतातलेच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, नव्या कापसाची वात लावायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणाऱ्या बायांना वाटायचा आणि मगच बाकीच्या बोंडांना हात लावायचा. एरवी कधी जागेवर न थांबणारी ही बाई त्या दगडांपुढे इतका वेळ डोळे मिटून उभी राहायची की वेचणाऱ्या बाया चुळबुळ करू लागायच्या. बोंडअळीनं शेत पोखरलं त्या वर्षीसुद्धा तिनं दहीभात नेला. "काहून वं, काय देल्लं त्यानं?" असं मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "हे बोंड त देल्लं न." हातातलं बोंड मला दाखवलं आणि कामाला लागली.

तेरवी झाली, तेवढ्यानं गजूचं समाधान होईना. महिन्याच्या दिवशी मोठा मंडप टाकला, बाहेरगावचे महाराज आणले. वहिनीच्या फोटोला माणसाएवढा हार. ज्या बायांनी तिला नास्तिक ठरवलं, त्याच पहिल्या रांगेत पदर डोळ्याला लावून. महाराजांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं, पण माऊली पहाटे उठून कशी जप करायची हे गळा काढून सांगत होते. मंडपामागे उष्ट्या पत्रावळींचा ढीग, त्यात अर्धे टाकलेले लाडू, त्यावर माशा. अन्नाचा कण सांडला तरी वेचून बैलाला घालणाऱ्या बाईच्या नावानं! मी पदर नाकाला लावला. त्या वासानं की त्या प्रवचनानं, देव जाणे.

तेवढ्यात वेचणाऱ्या बायांतली कौसल्याबाई मंडपाच्या कडेला आली. शेतात कापूस फुटून लोंबत होता, आभाळ भरून आलं होतं. गजूनं बायांना सकाळीच वेचायला पाठवलं होतं, आणि बाया शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच बसून होत्या.

"गजूभाऊ, सीतादही झाल्याबिगर आमी हात नाई लावत. आजपावतर तसं झालं नाई."

"अवं, तिकडं महाराज बसून हायत, इकडं तुमचे दगडं! टाइम कुठी हाय मले? लावा हात, पानी आलं त सारा कापूस मातीत जाईन."

टाइम नाही. आईच्या नावानं मंडप घालायला टाइम आहे, आईच्या रीतीला नाही. तोंड उघडलं असतं तर चार लोकांत मी थुंकलेच असते. किराणा दुकानातून पाकिटाचं दही आणलं, स्वयंपाकघरात भात कालवला आणि कौसल्याबाईबरोबर शेतात गेले.

धुऱ्यावरचे हाताला आले ते दगड मांडले. वात कौसल्याबाईनं वळून दिली. स्पीकरचा आवाज शेतापर्यंत येत होता. बाया हात जोडून माझ्याकडे पाहू लागल्या, कारण घरच्या बाईनं देवाशी बोलायचं असतं, आणि ती बाई आता मी होते. कापसाबद्दल आभार मानायचे असतात, एवढं मला ठाऊक होतं. पण आभार कसले मानू? माझं माणूस नेलं होतं देवानं, आणि मागं हा तमाशा ठेवला होता. शेवटी तोंडातून एवढंच निघालं, "आमाले सिंधू देल्ली तू..." मग मी भडभडून रडले, त्या महिन्यात पहिल्यांदा.

बायांनी दहीभात खाल्ला आणि कपाशीच्या ओळींत, तासांत शिरल्या. शेतातल्या झोपडीत खुंटीवर वहिनीची ओटी होती, वेचताना कमरेला बांधायचं जुन्या लुगड्याचं फडकं. कौसल्याबाईनं ती काढून माझ्या हातात दिली. तोच गजूचा फोन आला.

"आत्या, कुठी हायस? महाराज निघून राह्यले. घरच्यांसंग फोटो काढाचा हाय, लवकर ये."

"मले टाइम नाई," मी म्हटलं, आणि वहिनीची ओटी कमरेला बांधली.