कातडीत मुरलेला धूर

मूल हातात घेण्याआधी ती आपले दोन्ही तळवे नाकाशी नेऊन हुंगायची. मग मला विचारायची, "बाय, वास येतो का गो?"

यायचा. बिडीचा, शिळा. मी "नाही" म्हणायचे. तिला ते खरं वाटायचं नाही.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. कल्याणच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स होते आणि ती आया. खाडीकाठच्या आगरी घरातली, रंगाने काळीभोर, हाताची फार हळुवार. तिने जन्मात बिडीला हात लावला नव्हता. ओढायचा तिचा नवरा, एकीवर एक. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील: दार लावलं की धूरही आत, माणसंही आत.

बाळंतिणींच्या सासवा नाक मुरडायच्या. एकीने तर नातू तिच्या हातातून काढूनच घेतला. "काळ्या कातडीत धूर मुरतो. हिला लांब ठेवा," असं तिच्यादेखत म्हणाली. त्या दिवशी ती मोरीत राखेने हात घासत बसली, सालटं निघेपर्यंत.

शेवटी तिने डॉक्टरांनाच विचारलं, "काळ्या माणसात धूर जास्त मुरतो का हो?"

डॉक्टर हसले. "कातडी सगळ्यांची सारखीच, बाई."

"मग माझी जाऊ? गोरी हाय. त्याच धुरात र्‍हाते. तिला का नाय येत वास?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. "ते मला नाही सांगता येणार," म्हणाले. मलाही ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

पुढे नवरा खोकून खोकून गेला. तिने खोलीला चुना लावला, गोधड्या जाळल्या. तरी तिला घाम आला की तो वास यायचाच. मग ती हातातलं काम थांबवून दाराकडे बघायची. "आलाय," एवढंच पुटपुटायची. भर दुपारी मीही वळून दाराकडे बघायचे.

वर्ष उलटलं. एकदा तिने हात पुढे केला, मी हुंगला. नुसता साबणाचा वास. या खेपेला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

"गेला की हो, मावशी! खरंच गेला."

"नीट बघ."

मी पुन्हा हुंगलं. "नाही येत."

तिने हात पदराखाली घेतला. पाळण्यातलं पोर रडत होतं, तिकडे तिने पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

त्यानंतर एकदाच दिसली, विठ्ठलवाडीच्या रस्त्याला. झाडाखाली हमाल बिड्या ओढत बसले होते. धूर जिकडे जात होता तिकडे ती बसली होती, डोळे मिटून, दोन्ही दंड उघडे टाकून. मी हाक मारली नाही.